मुंबईत सहलीची जागा निवडताना

मुंबईत उघड्यावर सहलीला जायचे असेल तर देखाव्याआधी सावलीचा विचार करावा, कारण येथील दमट हवेत मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहानंतर उन्हात बसणे मुलांना आणि वृद्धांना सोसत नाही. या कसोटीवर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मला सर्वांत उजवे वाटते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात दाट झाडी आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढून गेल्यास काळ्या पाषाणात कोरलेल्या विहारांचा गारवाही लाभतो. उद्यान सोमवारी बंद असते. माकडांचा वावर असल्याने डबे झाकणबंद ठेवावेत आणि त्यांना काहीही खाऊ घालू नये.

गोराई किंवा मनोरीच्या किनाऱ्यावर जायचे असल्यास भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याच्या अनुभवावर विसंबून सतरंजी अंथरू नये; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी बरेच वर येते. पावसाळ्यात किनारा टाळलेलाच बरा.

इतके लांब जाण्याइतका वेळ नसेल, तर माहीमजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जावे. एकेकाळी कचरा टाकण्याच्या जागेवर लावलेली ही झाडी फुलपाखरे आणि पक्षी पाहण्यासाठी फार सुंदर आहे. कुठेही गेलात तरी स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची सोय आधी विचारून घ्यावी आणि कचरा पिशवीत भरून घरी परत आणावा.