चालू सर्व्हरची डिस्क वाढवली
ऐन मे महिना, देवगडच्या आमच्या वखारीत आंब्याच्या पेट्यांचा ढीग, बाहेर टेम्पो उभा, आणि बिलांच्या लिनक्स सर्व्हरवर जागा शून्य. बाबा मागे उभे: ‘झिला, हिशोब जावचो नाय मां?’ आधी बॅकअप घेतला. व्हर्च्युअल डिस्क ४० वरून ८० जीबी केली, तरी डिस्कवरची जागा सांगणारी ‘डीएफ’ कमांड ४०च दाखवी. डिस्क वाढली म्हणून तिच्यावर आखलेला भाग, म्हणजे पार्टिशन, वाढत नाही, आणि पार्टिशन वाढलं तरी आतली फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, जुन्याच मापाची. पण पार्टिशन वाढवणारं ‘ग्रोपार्ट’च अडलं! त्याला तात्पुरत्या फाइलींपुरतीही जागा नव्हती. जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली, उडवले, ते चाललं. मग फाइल सिस्टीम वाढवणारं ‘रिसाइझ-टू-एफएस’. ईएक्सटी४ प्रकारची फाइल सिस्टीम माउंट, म्हणजे वापरात, असतानाही वाढते. पार्टिशन शेवटचं होतं हे नशीब. पुढे स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असतं तर आधी ते हलवावं लागलं असतं. बिलं छापणं एकदाही थांबलं नाही.