सड्यावरचा चंडोल ओळखताना या चुका टाळा

गोव्यात पक्षी बघायला निघालेले बरेच जण बोंडला, खोतीगाव नाहीतर करमळीच्या तळ्यावर जातात आणि वाटेतला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, नुसता दगड आणि सुकलेलं गवत असं समजून गाडी न थांबवताच पुढे जातात. पहिली चूक इथेच होते. चंडोलाला झाडी नकोच असते, त्याला उघडं माळ, खुरटं गवत आणि बसायला एखादा दगड पुरतो, म्हणून ताळगाव, सुकूर, वेर्णा अशा पठारांवर सकाळी ऊन चढायच्या आत पायी फिरा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तीरचिमणीशी. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या छातीवर रेघा, दोन्ही जमिनीवर. फोटो काढायची घाई करू नका, आधी दोन मिनिटं नुसतं बघा. तीरचिमणी सडपातळ, पाय लांब, चोच बारीक, तुरुतुरु धावते, थांबते आणि शेपूट वरखाली हलवते, उडाली की शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसतात. आपल्याकडचा मलबारी चंडोल साधारण 16 सेंमीचा, अंगाने भरलेला, चोच जाड, आणि उडताना शेपटीच्या कडा तांबूस दिसतात, पांढऱ्या नाही. मला विचाराल तर शेपटीच्या कडेवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवावा, कारण उन्हात अंगाचा रंग फार फसवतो.

आता तुरा. डोक्यावर तुरा दिसला की झाला मलबारी चंडोल असं लोक लिहून मोकळे होतात, पण शेतात दिसणारा छोटा चंडोलही डोक्यावरची पिसं उभारतो, फक्त त्याचा तुरा आखूड असतो. मलबारीचा लांब आणि टोकदार, आणि तो खाली पाडला तरी डोक्यामागे त्याचं टोक बऱ्याचदा दिसतं. म्हणजे तुरा आहे की नाही हे बघून भागत नाही, केवढा आहे ते बघा.

डोंबारी चंडोलाच्या बाबतीत उलटं होतं. नर लगेच ओळखू येतो, खालून काळा, गाल पांढरट, डोकं राखाडी. मादीला मात्र सरसकट घरची चिमणी म्हणून सोडून देतात. तिची चाल बघा ना! चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते, चंडोल एकेक पाऊल टाकत चालतो. आणि नराची कसरत तर चुकवूच नका, तो पंख फडफडवत वर चढतो, मग पंख मिटून लांब शीळ घालत सरळ खाली सुटतो, आता आपटणार असं वाटतं तोच जमिनीजवळ पुन्हा वर उसळतो, असं परत परत चालू असतं आणि बघताना मान दुखली तरी नजर हटत नाही.

पक्षी ओळखून देणारं मर्लिन अ‍ॅप चांगलंच आहे, पण लोकेशन चुकीचं टाकलं किंवा फोटो धूसर असला तर ते भलताच चंडोल सुचवू शकतं. नुसता तुरेवाला चंडोल म्हणतात तो राजस्थान-गुजरातसारख्या कोरड्या भागातला, आपल्या सड्यावरचा नाही. साइक्सचा चंडोल घाटापलीकडे दख्खनच्या माळांवरचा, रंगाने जास्त तांबूस आणि छातीवरच्या रेघा कमी. नकाशा आधी बघा, मग नाव द्या.

एक चूक मात्र खरंच करू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणं. घरट्याच्या दिवसांत नर आपली जागा राखण्यात गुंतलेला असतो, त्याला उगाच दमवायचं कशाला. घरटं जमिनीवरच असतं, गवताच्या झुबक्याशी नाहीतर दगडाच्या आडोशाला, 2-3 अंडी, आणि ती जमिनीच्या रंगात इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून बाइक, गाडी गवतात घालू नका, कुत्रा असेल तर दोरी सोडू नका, पायवाटेवरूनच चाला. चोचीत किडा घेऊन पक्षी तुमच्यासमोर घुटमळत असेल तर घरटं जवळ आहे, तो लांब उतरून चालत घरट्याकडे जातो, तेव्हा तिथून लगेच मागे फिरा, फोटो राहू दे.

आणि इतकं करूनही जात ठरत नसेल तर ईबर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या वेबसाइटवर, अंदाजाने नाव ठोकू नका, तिथे नुसतं चंडोल, जात नक्की नाही असं नोंदवायची सोय आहे. सोबत उडतानाचा, शेपूट उघडलेला एखादा फोटो टाका, धूसर असला तरी चालेल.