सगळंच एकदम पडतं तेव्हा काय बघायचं

बीकॉम करून एका ब्रोकिंग फर्मच्या रिस्क डेस्कवर लागले तेव्हा मला वाटायचं मार्केट पडलं म्हणजे वाईट बातमी आली, बस. नवीन येणाऱ्या बहुतेकांना हेच वाटतं म्हणून सांगते.

13 मार्च 2020, शुक्रवार. बाजार उघडला आणि पाचेक मिनिटांत निफ्टी 10 टक्के खाली, लोअर सर्किट (इतकं पडलं की व्यवहार आपोआप थांबवले जातात), 45 मिनिटं ट्रेडिंग बंद, 2008 नंतर पहिल्यांदाच. स्क्रीनवरचे भाव जागच्या जागी थांबलेले, फोन मात्र वाजतच होते. एक रिटायर्ड काका, मार्जिनवर, म्हणजे थोडे पैसे अनामत भरून बाकी उधारीवर शेअर घेतलेले, परत परत एकच विचारत होते, "बाळा, दुपारपर्यंत थांबता येईल का, मी पैसे भरतो." नव्हतं थांबता येत, मार्जिन कमी पडलं होतं आणि पोझिशन कापायची वेळ झाली होती. बाजार परत सुरू झाला, त्यांचे शेअर विकले गेले आणि त्याच दिवशी सेन्सेक्स 1,300 पॉइंटहून जास्त वर बंद झाला. फार वाईट वाटलं मला.

तेव्हा कळलं की काकांना विकायचं नव्हतंच, त्यांना विकावं लागलं. मोठ्या फंडांचंही तेच होतं, गुंतवणूकदार पैसे परत मागतात, उधारी फेडायची असते, मग जे विकलं जाईल ते विकतात. म्हणून त्या दिवसांत सोनंही पडलं, अमेरिकेचे सरकारी रोखेसुद्धा विकले गेले, जे एरवी लोक घाबरले की घेतात! परदेशी गुंतवणूकदारांनी त्या एका महिन्यात आपल्याकडचे 60 हजार कोटींच्या वरचे शेअर विकले.

माझ्याकडे एक साधी वही आहे, तुम्हीपण करा. रोज सेन्सेक्स, सोनं, डॉलरचा भाव आणि 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड (त्यावर मिळणारा परतावा, रोख्याचा भाव पडला की हा चढतो) लिहायचा. शेअर पडून सोनं चढत असेल तर लोक घाबरलेत, पण डॉलर सोडून सगळ्याचेच भाव खाली जात असतील तर बाजारात रोख पैशाची टंचाई आहे असं मी आधी धरते आणि मग रिझर्व्ह बँक काय करते तिकडे बघते. 27 मार्च 2020 ला तिने रेपो (ज्या दराने ती बँकांना उधार देते तो) 5.15 वरून 4.40 टक्क्यांवर आणला, सीआरआरही (ठेवींचा जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो) 4 वरून 3 टक्के केला. सीआरआरचं महत्त्व नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, तो कमी केला की बँकांचा रिझर्व्ह बँकेकडे अडकलेला पैसा मोकळा होतो.

वहीची सुरुवात मार्च 2020 च्या जुन्या आकड्यांपासूनच करा, परदेशी गुंतवणुकीचे रोजचे आकडे एनएसडीएलच्या (डीमॅट शेअर सांभाळणारी संस्था) साइटवर फुकट मिळतात.