‘मी घाबरट आहे’ या वाक्याचं काय करायचं?

समुपदेशनाच्या पहिल्या सत्रात मी वहीच्या डाव्या पानावर फक्त एकाच प्रकारची वाक्यं उतरवून घेते. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल जे ‘मी अमुक आहे’ म्हणते, ती. ‘मी घाबरट आहे.’ ‘मी आळशीच आहे.’ ‘मी मुळातच कमकुवत.’ शब्द तिचेच ठेवायचे, त्यांचं मानसशास्त्रीय भाषांतर करायचं नाही. घाबरटपणाच्या जागी आपण ‘चिंताविकार’ लिहिला की संभाषण तिच्या हातून निसटून आपल्या हातात येतं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डेव्हिड एपस्टन या दोन थेरपिस्टांनी १९८०च्या दशकात नॅरेटिव्ह थेरपीची, म्हणजे माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणाऱ्या पद्धतीची, मांडणी केली. तिचा गाभा असा की माणूस आणि समस्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपड्यात शी होणाऱ्या मुलांबरोबर काम करताना व्हाइट त्या त्रासालाच लपतछपत येणारी खोडकर शी म्हणत. मग आईवडील आणि मूल एकमेकांशी भांडण्याऐवजी एका बाजूला येत. याला बाह्यीकरण म्हणतात. मराठीत काम करणाऱ्यांना तर इथे भाषेचीच मदत आहे. आपल्याकडे राग येतो, कंटाळा येतो, रडू येतं, भीती वाटते. माणूस तिथे कर्ता नसतोच. म्हणून ‘मी रागीट आहे’ असं वाक्य आलं, की मी विचारते, ‘राग येतो तेव्हा कुठून येतो? आधी काही चाहूल देतो का?’ इतकं पुरतं. लोक क्षणभर थांबतात आणि पहिल्यांदाच त्या गोष्टीकडे समोरून बघतात.

नाव मात्र आपण द्यायचं नाही. हे मी चूक करून शिकले. परीक्षेत हातपाय गार पडणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे यायची (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मी उत्साहाने तिच्या भीतीला ‘राक्षस’ म्हणून टाकलं. तीन सत्रं ती मान डोलावत राहिली आणि काहीही हललं नाही. चौथ्या वेळी म्हणाली, ‘राक्षस वगैरे नाही हो. एक पर्यवेक्षक आहे. मागून येतो आणि माझ्या पेपरात डोकावतो.’ त्या एका शब्दाने काम सुरू झालं.

नाव मिळालं की घाईने उपाय शोधायला धावू नका. व्हाइटनी या संभाषणाचे चार टप्पे सांगितले आहेत: नाव, परिणाम, त्या परिणामांबद्दल व्यक्तीचं मत आणि त्या मतामागचं कारण. परिणाम बारकाईने विचारा. पर्यवेक्षक झोपेचं काय करतो? मैत्रिणींमध्ये असताना येतो का? तुझ्याबद्दल तुला काय सांगतो? तिसरा टप्पा नवे समुपदेशक हमखास गाळतात, कारण उत्तर त्यांना ठाऊक आहे असं वाटतं. मी विचारलं, ‘हे तुला चालतं का?’ तर ती म्हणाली, ‘अभ्यासाला बसवतो तोवर चालतं. पेपरात मागे उभा राहिलेला नको.’ हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. आणि का नको? ‘तो असला की गणित दिसत नाही, नुसते मार्क दिसतात. मला गणित आवडतं.’

आता एक इशारा, आणि तो मी मनापासून देते. ‘रागाने माझ्याकडून हात उचलवला’ असं बाह्यीकरण कधीही होऊ देऊ नका. हिंसेची जबाबदारी करणाऱ्याचीच. तिथे बाहेर काढून तपासायची ती ‘माझा हक्कच आहे’ ही समजूत. तसंच कामाच्या ठिकाणी कुणाचा छळ होत असेल तर त्याला ‘चिंता’ म्हणणं अन्याय आहे. समस्या आधीपासूनच बाहेर आहे. आणि आत्महत्येचे विचार असतील तर रूपकं बाजूला ठेवा, थेट विचारा, आधी सुरक्षिततेची योजना करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घ्या.

यानंतर समस्येच्या गोष्टीत न बसणारा प्रसंग शोधायचा. ती धाकट्या भावाला गणित समजावत असताना पर्यवेक्षक आला नव्हता. अशा वेळी ‘वा, छान!’ म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. कौतुक केलं की गोष्ट तिथेच मिटते. प्रश्न विचारा, आणि दोन अंगांनी विचारा. ही विभागणी व्हाइटनी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांच्याकडून घेतली. आधी कृतीचं अंग: कधी, कुठे बसला होतात, त्याच्या आधी काय झालं, पहिलं वाक्य काय बोललीस? मग ओळखीचं: यातून तुला काय मोलाचं वाटतं असं दिसतं? माझा आवडता प्रश्न त्यापुढचा आहे: ‘हे ऐकून कुणाला अजिबात आश्चर्य वाटणार नाही?’ तिने आजीचं नाव घेतलं, तोंडी हिशेब करणाऱ्या आजीचं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही आजीबद्दलच बोललो. आजीने तिच्यात काय पाहिलं होतं, आणि तिनेही आजीला काय दिलं होतं. एका प्रसंगाला असा मागचा धागा मिळाला नाही, तर तो अपवाद म्हणून विरून जातो.

सत्रानंतर दोन दिवसांत मी पत्र लिहिते. ही एपस्टन यांची देणगी. पान एकच, तिची वाक्यं अवतरणात, निदान नाही, सल्ला नाही, निम्मे तरी प्रश्न. पत्र घरात दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर चालेल का, हे आधी विचारून घ्या. नाही तर सत्रातच वाचून दाखवा.

तिच्या पत्रातला शेवटचा प्रश्न होता, ‘पर्यवेक्षक नसताना तुला गणित कसं दिसतं?’ पुढच्या वेळी तिने एक कागद आणला. त्यावर एक गणित सोडवलं होतं. शेवटची पायरी चुकली होती, आणि तिने ती खोडली नव्हती.