तारा लावायच्यात? मग दातांच्या मुळांकडे आणि जबड्याकडे असं लक्ष ठेवा

तारा लावायचं ठरलं की सगळे विचारतात दुखेल का, किती महिने लागतील, दिसायला कसं दिसेल. हिरडीच्या खाली काय होणार ते मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि खरं काम तर तिथेच चालतं. वायर फक्त ढकलते, दात सरकतो तो हाडामुळे. म्हणून ट्रीटमेंटच्या आधी, मध्ये आणि नंतर काय बघायचं, डॉक्टरांना काय विचारायचं ते इथे सांगतो.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं घोकंपट्टी वाटेल. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात साधारण ०.२ मिमी जाडीचा तंतूंचा थर असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात त्याला, दात त्याच्यावर तोललेला असतो. वायरने दात एका बाजूला ढकलला की त्या बाजूचा थर दबतो, तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात आणि जागा करून देतात, उलट बाजूला थर ताणला जातो आणि तिथे दुसऱ्या पेशी नवीन हाड भरत येतात. म्हणजे दात हाड फोडून पुढे जात नाही, दाताचा खड्डाच हळूहळू सरकतो. वेग साधारण महिन्याला १ मिमी, तोही सगळं नीट चाललं तर.

आता गंमत अशी की जोर वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाही. एका दाताला नुसतं कलवायला ३५ ते ६० ग्रॅमचा जोर पुरतो, दात हाडात वर दाबायचा असेल तर फक्त १० ते २० ग्रॅम. यापेक्षा बराच जास्त जोर पडला की तो पातळ थर इतका चेपतो की तिथलं रक्त थांबतं आणि तेवढा भाग निर्जीव होतो. कार्ल सँडस्टेट या संशोधकाने १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं होतं. मग दात काही आठवडे जागेवरच अडून बसतो, शरीर मागच्या बाजूने हाड पोखरत येतं आणि तो मेलेला भाग साफ करतं, आणि ही साफसफाई करणाऱ्या पेशी जाता जाता मुळाचा पृष्ठभागही कुरतडतात. मूळ आखूड होतं म्हणतात ते इथून सुरू होतं. त्यामुळे "डॉक्टर, जरा टाइट करा म्हणजे लवकर संपेल" हे वाक्य कृपया कधीच बोलू नका.

घाबरायचं किती? मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि तो हाडाइतका सहज विरघळत नाही, म्हणून तर ही ट्रीटमेंट शक्य आहे. बारीक खड्डे पडले तरी शरीर ते नवीन सिमेंटमने भरून काढतं. टोकाकडचा भाग गेला तर मात्र ती लांबी परत येत नाही. वरच्या पुढच्या दाताचं मूळ साधारण १३ मिमी असतं, बहुतेकांचं त्यातलं १-२ मिमी किंवा त्याहून कमी जातं आणि आयुष्यभर काही फरक पडत नाही. ४ मिमी पेक्षा जास्त किंवा मुळाचा तिसरा हिस्सा जाणं हे गंभीर, ते साधारण १०० पैकी १ ते ५ जणांना होतं. सगळ्यात जास्त फटका वरच्या पुढच्या चार दातांना बसतो. आणि जोर थांबला की हे कुरतडणंही थांबतं, तारा काढल्यावर वर्षानुवर्षं चालू राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ आखूड होताना दुखत नाही. अजिबात नाही. त्यामुळे "मला काही त्रास नाही म्हणजे सगळं ठीक" असं धरून चालता येत नाही, एक्सरेशिवाय कळायला मार्गच नाही.

तारा लावायच्या आधी

ओपीजी (सगळे दात आणि दोन्ही जबडे एकत्र दिसणारा एक्सरे) आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्सरे (सेफ, म्हणजे सेफॅलोग्राम) बहुतेक ठिकाणी काढतातच. पण ओपीजीमध्ये पुढच्या दातांची मुळं बऱ्याचदा धूसर येतात, म्हणून पुढच्या दातांचे छोटे एक्सरे वेगळे काढणार का ते विचारा. एक्सरे समोर ठेवून दोनच गोष्टी विचारा, माझी मुळं आत्ता किती लांब आहेत आणि त्यांचा आकार कसा आहे. आधीच आखूड, टोकाला बोथट किंवा पिपेटसारखी अचानक निमुळती झालेली मुळं असतील तर धोका जास्त धरतात. म्हणून ट्रीटमेंट नाहीच करायची असं नाही, पण प्लॅन हलका ठेवतात आणि एक्सरे लवकर लवकर काढतात.

स्वतःहून सांगायच्या गोष्टी: लहानपणी पडून पुढच्या दाताला मार लागला होता का (हे लोक हमखास विसरतात, आईबाबांना विचारा), नखं खायची सवय आहे का, घरात कोणाची मुळं तारांमुळे आखूड झालीयेत का कारण यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध घेता का. हे शेवटचं न सांगणं सगळ्यात महागात पडू शकतं, त्या औषधांनी हाड विरघळायची क्रियाच मंदावते, दात सरकत नाहीत आणि दात काढायची वेळ आली तर जखम भरायला त्रास होऊ शकतो. रूट कॅनल झालेल्या दाताची उगाच काळजी करू नका, नीट झालेलं असेल तर तो इतरांसारखाच सरकतो. इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखा बसवलेला कृत्रिम दात) मात्र जागचा हलत नाही, त्याला तो तंतूंचा थरच नसतो. म्हणून इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर आधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

हिरड्यांचं आधी बघा. हिरड्यातून रक्त येतंय, सूज आहे, हाड आधीच खाली गेलंय, अशात तारा लावल्या तर हाड आणखी वेगाने जातं. लोक मुळाच्या टोकाची चिंता करतात पण दाताचा आधार जास्त जातो तो हिरडीकडच्या कडेने, कारण मूळ टोकाला बारीक आणि वर जाड असतं, टोकाचे ३ मिमी गेले काय आणि कडेचं १ मिमी हाड गेलं काय, नुकसान जवळपास सारखंच. म्हणजे नीट ब्रश न करणं हे मुळं आखूड होण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, वाईट.

जबड्याचं काय

इथे जाहिरातींनी फार गोंधळ घातलाय. मोठ्या माणसात तारांनी जबड्याचं मुख्य हाड बदलत नाही. बदलते ती फक्त दातांभोवतीची हाडाची पाळ. जबडाच मागे किंवा पुढे असेल तर मोठेपणी दोनच मार्ग, दात जुळवून घेऊन तो फरक झाकायचा, नाहीतर जबड्याचं ऑपरेशन. "अलायनरने (तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) हनुवटी पुढे येईल" असं कोणी सांगितलं तर कसं ते विचारा.

वाढत्या मुलांची गोष्ट वेगळी. वरच्या जबड्याचे दोन अर्धे टाळूच्या मधोमध एका सांध्याने जोडलेले असतात आणि तो सांधा किशोरवयात हळूहळू पक्का होत जातो. त्याआधी एक्स्पांडर (टाळूला बसवायचं, चावीने फिरवून रुंद करायचं उपकरण) लावून तो उघडता येतो, चावीच्या एका फेऱ्याला साधारण पाव मिमी. पुढच्या दोन दातांत अचानक फट पडते आणि घरात सगळे घाबरतात, पण ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण आहे, नंतर बुजते. फेरे डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. मोठ्यांमध्ये तेच करायला टाळूत छोटे स्क्रू किंवा ऑपरेशन लागू शकतं. खालचा जबडा मागे असणाऱ्या मुलांना वाढीच्या काळात ट्विन ब्लॉकसारखं उपकरण देतात, फायदा होतो, पण त्यातला मोठा भाग दात सरकल्यामुळे असतो, जबडा कायमचा खूप लांब होतो असं नाही. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टची संघटना पहिली तपासणी वयाच्या ७ व्या वर्षापर्यंत करा म्हणते, म्हणजे नुसती तपासणी, तारा लगेच लावा असं नाही.

आणि कानाजवळचा जबड्याचा सांधा. तारांमुळे तो बिघडतो किंवा तारांनी तो बरा होतो, दोन्हीला पुरावा नाही. सांधा आधीच दुखत असेल किंवा अडकत असेल तर त्याचा इलाज आधी करा.

ट्रीटमेंट चालू असताना

वायर बदलल्यावर दुखणं साधारण एका दिवसानंतर सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याभरात जातं. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल बरी, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज रोज घेतल्या तर दात सरकणं मंदावू शकतं. दात थोडे हलणं नॉर्मल आहे. नॉर्मल नाही ते असं, एकच दात बाकीच्यांपेक्षा खूप हलतोय, दाताचा रंग काळपट होतोय, चावताना एकाच दातावर आदळतंय, किंवा हिरडी खाली सरकून मूळ दिसायला लागलंय (खालच्या पुढच्या दातांवर विशेष लक्ष ठेवा, तिथलं हाड पातळ असतं आणि दात फार बाहेर ढकलले तर ते ओलांडलं जातं). यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, फोन करा.

साधारण ६ ते १२ महिन्यांनी पुढच्या दातांचा परत एक्सरे काढायला सांगा. हे मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण ज्यांचं पुढे जास्त नुकसान होतं त्यांची चिन्हं बऱ्याचदा इतक्यातच दिसायला लागतात. मुळं कमी होताना दिसली तर नेहमीचा उपाय म्हणजे २-३ महिने वायर बिनजोराची ठेवून थांबायचं. १९९४ मध्ये लेवांडर आणि मालमग्रेन यांच्या अभ्यासात, मध्ये असं थांबलेल्या पेशंटची मुळं न थांबलेल्यांपेक्षा कमी गेली. नंतरही वाढत असेल तर ट्रीटमेंटचं ध्येयच कमी करावं लागतं, एखादी फट तशीच सोडायची किंवा दात अगदी परफेक्ट ओळीत आणायचा हट्ट सोडायचा. ऐकायला वाईट वाटतं पण मी तरी मूळ वाचवणं निवडेन.

तुमच्या हातात काय? तारखा चुकवू नका, कारण ट्रीटमेंट जितकी लांबते तितका धोका वाढतो. तारांना अडकवायचे छोटे रबर सांगितलेत तसे लावा, आज चार उद्या शून्य करू नका, दात पुढे मागे डुलत राहणं मुळांना बाधतं. अलायनर दिवसाला २०-२२ तास, आणि पुढचा नंबर स्वतःच्या मनाने लवकर चढवू नका.

आणि ते व्हिडिओ बघून दोन दातांतली फट बुजवायला घरी रबरबँड लावायचा उद्योग, तो कोणी करू नये. दात खाली निमुळता होत जातो, रबर घसरून हिरडीच्या आत जातं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. चांगले धडधाकट दात असे गेलेत लोकांचे.

तारा काढल्यावर

शेवटचा एक्सरे काढून घ्या आणि पहिल्यापासूनचे सगळे एक्सरे स्वतःकडे ठेवा, पुढे कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तरी तुलनेला तेच लागतात. मुळाभोवतीचे तंतू ३-४ महिन्यांत नव्या जागी बसतात पण हिरडीतले लवचिक तंतू वर्ष किंवा जास्त घेतात, तोपर्यंत ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवायचं साधन) त्यासाठी. ज्यांची मुळं आखूड झालीत त्यांनी रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगून गार्ड करून घ्यावा आणि हिरड्यांची तपासणी चुकवू नये. रिटेनर काही दिवस घातला नाही आणि आता घट्ट बसतोय, तर एक-दोन दिवसांत सैल होतो का बघा. पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका, नवीन माप द्यायला जा.