उतरलेले क्लॅरिनेट सुरात आणण्यापूर्वीची तयारी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि रात्रीच्या वरातीत क्लॅरिनेट कीबोर्डपेक्षा खाली लागते, ही बँडमधील नेहमीची तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागते. आखूड बॅरल, म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस आणि वाद्याची मुख्य नळी यांच्यामधला छोटा तुकडा, विकत घेणे हा उपाय सर्वांनाच प्रथम सुचतो. माझ्या मते मात्र तो तपासणीच्या अगदी शेवटी यावा, कारण संपूर्ण वाद्य उतरले आहे, त्यातील काही स्वरच उतरले आहेत, की वादकाच्या फुंकीमुळे स्वर खाली ओढला जातो आहे, हे ठरल्याशिवाय बसवलेला बॅरल एक दोष झाकतो आणि दुसरा निर्माण करतो.

पहिले काम मोजमापाची खात्री करून घेण्याचे. मोबाइलमधील ट्यूनर (सूर मोजणारे ॲप) ए या स्वरासाठी ४४० हर्ट्झवर आहे का, हे पाहावे. तो ४४२ वर राहिला असेल तर सुरात असलेले वाद्यही सुमारे ८ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी आठ भाग, उतरलेले दिसते. कीबोर्डचीही हीच सेटिंग तपासावी. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की प्रत्यक्षात काळी पाच (कीबोर्डवरील सप्तकातली पाचवी काळी पट्टी) ऐकू येते आणि लिहिलेल्या बी ला पांढरी सहा, हे बँडमधील सर्वांना आधीच सांगून ठेवले म्हणजे सूर जुळवताना गोंधळ होत नाही. फरक जवळजवळ पूर्ण अर्धस्वराचा असेल, तर वाद्य बी फ्लॅटचे नसून ए चे आहे का, हे पाहावे. ते थोडे लांब असते आणि बरोबर अर्धस्वर खाली बोलते, त्यामुळे जुने वाद्य विकत घेणाऱ्याने ही खात्री अवश्य करावी.

त्यानंतर तापमान. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात मार्गशीर्ष-पौषातील रात्री चांगल्याच थंड असतात. हवा एक अंश सेल्सिअसने थंड झाली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो आणि त्याच प्रमाणात स्वर खाली येतो. नळीतील हवा १० अंशांनी थंड झाली, तर हिशोबाने स्वर सुमारे ३० सेंट उतरतो. श्वासाच्या उबेने त्यातला बराच फरक भरून निघतो, परंतु वादक मध्येच थांबून वाद्य हातात धरून उभा राहिला की तो पुन्हा दिसू लागतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर मात्र थंडीचा असा परिणाम होत नाही, म्हणून दोघांमधील अंतर वरात जसजशी रेंगाळते तसतसे वाढते. यासाठी सर्व छिद्रे बंद करून, आवाज न काढता, पाच-दहा मिनिटे उबदार श्वास नळीतून सोडावा आणि त्यानंतरच ट्यूनरकडे पाहावे. थंड वाद्यावर घेतलेली नोंद निर्णयासाठी धरू नये. लाकडी वाद्य लवकर तापावे म्हणून ते उन्हात किंवा शेकोटीजवळ ठेवू नये, कारण त्याने लाकडाला चीर पडते.

पावसाळ्यात कारण वेगळेच असते. खानापूरकडच्या सततच्या ओलसर हवेत जोडांचे लाकूड व कॉर्क फुगतात, जोड शेवटपर्यंत बसत नाही आणि मध्ये राहिलेल्या फटीइतकी नळी लांब होते. गणपतीच्या मिरवणुका नेमक्या याच दिवसांच्या शेवटी येत असल्याने त्यापूर्वी प्रत्येक जोड उजेडात धरून फट राहिली आहे का, हे पाहावे आणि कॉर्कला ग्रीस लावावे. लाकूडच फुगले असेल तर जोर करू नये. ते काम दुरुस्तीकाराचे आहे. मिरज आपल्याला जवळ असली तरी तिची ख्याती तंतुवाद्यांची आहे, तेव्हा सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्ये नियमितपणे उघडणारा माणूसच शोधावा.

इथवर सर्व ठीक निघाले, तर लक्ष स्वतःच्या ओठांकडे वळवावे. माझ्या अनुभवात बहुतेक उतरलेल्या स्वरांचे मूळ येथेच सापडते. क्लॅरिनेटचा स्वभावच असा आहे की जोरात फुंकले की स्वर उतरू पाहतो आणि हळू वाजवताना चढू पाहतो. ताशाच्या आवाजावर मात करण्यासाठी वादक जोर वाढवतो, ओठांची पकड सैल होते, जीभ खाली बसते आणि त्यात रीड (माउथपीसवर बसवलेली, फुंकीने कंप पावणारी पातळ पट्टी) मऊ असेल तर स्वर आणखी खाली जातो. याची परीक्षा सोपी आहे. केवळ माउथपीस आणि बॅरल जोडून नेहमीच्या जोराने फुंकावे; ट्यूनरवर एफ शार्प, म्हणजे काळी तीन, किंवा तिच्या अगदी जवळचा स्वर यायला हवा. तो बराच खाली आला, तर दोष खालच्या नळीत शोधण्यात अर्थ नाही. पकड दातांनी आवळून नव्हे, तर ओठांचे कोपरे घट्ट ठेवून आणि जिभेचा मागचा भाग उंच ठेवून सुधारावी, आणि मिरवणुकीसाठी अर्ध्या क्रमांकाने कडक रीड आधी काही दिवस घरी वाजवून सरावाची करून घ्यावी. ऐन वरातीत नवी रीड लावू नये.

आता एकेक स्वर खालून वर वाजवून फरक कागदावर लिहावा. एखादाच स्वर उतरला असेल, तर तो स्वर वाजताना उघडणारे पहिले छिद्र मळाने भरले आहे का, किंवा त्यावरचे पॅड (छिद्र झाकणारी मऊ गादी) पुरेसे उचलले जाते का, हे पाहावे. मळ काढताना लाकडी काडी वापरावी, धातूची नव्हे. अगदी तळाचे ई आणि एफ हे स्वर अनेक क्लॅरिनेटांवर मुळातच थोडे खाली असतात. तेवढ्यासाठी वाद्य कोरून घेऊ नये.

सर्वच स्वर सारखेच खाली आहेत असे या कागदावरून दिसले, तरच बॅरलचा विचार करावा. बरेच बॅरल ६६ मिलिमीटरचे असतात, तर ६५ आणि ६४ चेही मिळतात. एक मिलिमीटर कमी केल्याने, ढोबळ हिशोबाने, बोटे न ठेवता वाजणारा जी सुमारे ७ सेंट चढतो, तर सर्वांत खालचा ई जेमतेम ३ सेंट. म्हणजे बॅरल जितका आखूड, तितके वरच्या जोडातील जी, ए आणि बी फ्लॅट इतर स्वरांपेक्षा पुढे पळतात. म्हणून दुकानात माप सांगून बॅरल मागवण्याऐवजी आपले वाद्य, आपला माउथपीस आणि हा कागद सोबत न्यावा, वाद्य तेथेच गरम करावे आणि तळाचा ई, मोकळा जी व मधला सी असे तीन स्वर वाजवून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.