नाण्या-नोटांवरची चित्रं ओळखून घरच्या घरी कलेक्शन कसं सुरू करायचं

आधी घरात असतील तेवढ्या नोटा-नाणी, म्हणजे खिशातल्या, देवघरातल्या, आजीच्या पेटीतल्या, सगळ्या एका चादरीवर मांडा (सोलापुरात चादरीला काय तोटा). आणि मोबाइलवर लगेच किंमत शोधत बसू नका. पाच रुपयाच्या जुन्या नोटेला लाखो मिळतात वगैरे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक फसवायचे धंदे असतात, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये याबद्दल इशारा पण दिलाय, बँकेच्या नावानं कोणी फी मागितली तर देऊ नका म्हणून.

आता नोट उलटी करा. नव्या नोटांवर मागं डावीकडं छापल्याचं वर्ष असतं आणि तिथंच भाषांचा पट्टा, त्यात १५ भाषांत रक्कम लिहिलेली. क्रम इंग्रजी अक्षरांप्रमाणं आहे म्हणून कन्नड चौथी, मराठी आठवी, तेलुगू चौदावी आणि उर्दू सगळ्यात खाली. या चारही भाषा आपल्याकडं पेठेत रोज कानावर पडतात, त्यामुळं पोरांना हा शोधायचा खेळ द्या, शेजारच्या तेलुगू काकूंकडनं वाचून घ्या की ओ, मजा येते.

मग चित्रं. नव्या सिरीजमध्ये १० वर कोणार्क, २० वर आपलं वेरूळ, ५० वर हंपीचा दगडी रथ, १०० वर गुजरातची राणी की वाव (पायऱ्यांची विहीर), २०० वर सांचीचा स्तूप, ५०० वर लाल किल्ला. गांधीजी पहिल्यांदा नोटेवर आले १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, मागं सेवाग्राम आश्रम होता. आज दिसतो तो हसरा चेहरा १९४६ च्या एका फोटोवरनं घेतलाय आणि १९९६ पासनं नेहमीच्या नोटांवर आहे. एक रुपयाची नोट असली तर सही बघा, गव्हर्नरची नाही तर वित्त सचिवांची असते, कारण ती नोट भारत सरकारची.

नाण्यात सालाखालची खूण बघायची. हिरा म्हणजे मुंबई टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, बारीक टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. भिंग घ्या, नुसत्या डोळ्याला टिंब लवकर दिसत नाही.

आता कलेक्शनला एक विषय ठरवा, नाहीतर नुसता ढीग होतो. मी तर म्हणीन माणसं घ्या. नेहरूंचं नाणं १९६४ चं, बाबासाहेबांचा रुपया १९९० चा, ज्ञानेश्वरांचा रुपया १९९९ चा, त्याच साली शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं अकरा कोनांचं नाणं, आणि २००२ मध्ये तुकाराम महाराजांचं दोन रुपयाचं. एवढ्यात घरचाच एक भारी सेट होतो. दहाच्या नाण्यांची डिझाइनं पण जमवा, २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं १४ डिझाइनं सांगितली होती आणि सगळी चालतात, दुकानदार काहीही म्हणू दे.

पेटीत राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया निघाला तर अक्षरं वाचा, १८७७ पासनं क्वीनच्या जागी एम्प्रेस आलंय. आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका! तांब्याचा बंब घासल्यासारखं नाणं चकचकीत केलं की त्याचा जुना थर जातो आणि जाणकार माणूस भावच देत नाही. नोटांना स्टेपल, सेलोटेप, लॅमिनेशन नको. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी हिरवी पडतात, त्यापेक्षा कागदी होल्डर घ्या.

अहिल्यादेवींचं ३०० रुपयाचं नाणं २०२५ मध्ये आलं, आपल्या सोलापूर विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे म्हणून ते सेटमध्ये असावं असं मला तरी वाटतं. पण ते सुट्ट्यात कधीच मिळणार नाही, सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवर बुकिंग चालू असेल तेव्हाच घ्यायचं.